डॅफ्नी ऑरम यांचं यंत्र फसलं का?

प्रश्न इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करणाऱ्या एका मुलाचा आहे. थोडक्यात असा: "मी घरी सोल्डरिंग करून छोटे सिंथ (विजेवर आवाज तयार करणारी वाद्यं) बनवतो. इंग्लंडच्या डॅफ्नी ऑरम यांनी फिल्मवर रेघोट्या ओढून आवाज काढणारं यंत्र घरीच बांधलं, असं वाचलं. पण शोधायला गेलो तर त्या यंत्रावरचं संगीत फारसं सापडत नाही. मग ते फसलं म्हणायचं का? आणि असलं काही घरी करून बघायचं तर सुरुवात कुठून करू?"

मी पस्तीस वर्षं ध्वनिमुद्रणात काढली आणि त्यातली निम्मी टेप कापण्यात गेली, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी ऐकण्यातली एक गफलत. इंटरनेटवर ऑरमबाईंची रचना वाजते तेव्हा सोबत फोटो बहुतेक वेळा त्या यंत्राचा, म्हणजे 'ऑरॅमिक्स'चा असतो. पण 'फोर आस्पेक्ट्स' ही रचना १९६० ची, 'स्नो' या लघुपटाचं ध्वनिकाम १९६३ चं, आणि यंत्र हाताळण्याजोगं झालं ते साठच्या दशकाच्या मध्यावर. म्हणजे तुम्ही जे ऐकलंत ते बरंचसं टेप, ब्लेड आणि चिकटपट्टी यांवर उभं आहे. तेव्हा प्रश्न उलटा करून बघा. ब्लेडवर इतका हात बसलेल्या बाईला यंत्र बांधायचा खटाटोप का करावासा वाटला?

टेपवर सूर कसा बांधत ते सांगतो म्हणजे कारण कळेल. व्यावसायिक मशीनवर टेप सेकंदाला १५ इंच धावते, म्हणजे ३८ सेंटिमीटर. ऑसिलेटरवरून (एकसारखा सूर देणाऱ्या विजेच्या उपकरणावरून) एक सूर मुद्रित करायचा. त्यातला अर्ध्या सेकंदाचा हवा असेल तर १९ सेंटिमीटर मोजायचे, मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, खाचेत टेप बसवून ब्लेडने तिरकस कापायची. पुढच्या सुराचा तुकडा तसाच कापायचा आणि दोघांना पाठीमागून पट्टी लावायची. आठ सुरांची एक ओळ झाली की आठ तुकडे, सात सांधे. एवढं करून ती ओळ वाजवली की कळतं, प्रत्येक सूर विटेसारखा आहे. सुरू होतो तेवढ्याच जोरात, संपतो तेवढ्याच जोरात. गवई सूर लावताना आधी हळूच स्पर्श करतो, मग भरतो, मग सोडतो. त्यातलं काहीच नाही. ते आणायचं तर ओळ दुसऱ्या मशीनवर उतरवताना हाताने नॉब फिरवत बसायचं. हात चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आणि दर नकलेला टेपचा 'स्स्स' एक थर वाढतो. रात्रभर बसून सकाळी दहा सेकंदांचं काम हातात आलं तर तो दिवस चांगला गेला म्हणायचा.

ऑरमबाईंची चीड नेमकी या विटेवर होती, असं मला त्यांचं काम बघताना वाटत आलं आहे. त्याचं मूळ त्यांच्या पहिल्या नोकरीत आहे. जन्म ३१ डिसेंबर १९२५ चा, बालपण विल्टशरमधल्या डिव्हायझेस गावात. पियानो, ऑर्गन, रचना हे सगळं शिकलेल्या. १९४२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये प्रवेश मिळत होता, तो सोडून त्या बीबीसीत कनिष्ठ स्टुडिओ अभियंता म्हणून लागल्या. काम होतं 'म्युझिक बॅलन्सर'चं. समोर स्वरलिपी उघडी, बोटं फेडरवर (आवाजाची पातळी कमी-जास्त करणाऱ्या नॉबवर), आणि वाद्यवृंद जसजसा चढेल-उतरेल तसतशी बोटं चालवायची. ज्यांनी हे केलं आहे त्यांना ठाऊक असतं की सहा महिन्यांत आवाजाची पातळी कानांआधी मनगटाला कळायला लागते. युद्धाचे दिवस होते. अल्बर्ट हॉलमधल्या कार्यक्रमाचं थेट प्रक्षेपण चालू असताना त्याच रचनेची तबकडी बरोबरीने फिरवत ठेवायची, म्हणजे बॉम्बहल्ल्याने कार्यक्रम तुटला तरी श्रोत्याला तबकडीवरून पुढचं ऐकवता येईल, हेही त्यांच्याकडे असे.

त्याच काळात प्रशिक्षणात त्यांनी ऑसिलोस्कोप पाहिला. आवाज आत गेला की पडद्यावर रेघ उमटते. त्यांनी विचारलं, मग रेघ काढून आवाज का येऊ नये? येत नाही, असं उत्तर मिळालं. ही हकीकत पुढे त्या स्वतः सांगत.

१९४९ च्या सुमारास, वयाच्या तेविशीत, त्यांनी 'स्टिल पॉइंट' लिहिलं: दोन वाद्यवृंद, आधी मुद्रित केलेल्या तबकड्या, मायक्रोफोन, आणि ते सगळं वाजत असतानाच त्याच्यावर इलेक्ट्रॉनिक संस्कार. तबकडी फिरवणारा माणूस वाद्यवृंदात वादक म्हणून बसवलेला! बीबीसीने ते नाकारलं. मला यात नवल वाटत नाही. स्टुडिओत तबकडीला हात लावणाऱ्याला तेव्हा कुणी वादक म्हणत नसे.

१९५० च्या दशकात त्या स्टुडिओ मॅनेजर झाल्या. पॅरिसच्या नभोवाणीत टेपवर चाललेले प्रयोग त्यांना ठाऊक होते. आपल्याकडेही असा विभाग हवा म्हणून त्या वरिष्ठांच्या मागे लागल्या. तोवर स्वतःची व्यवस्था स्वतःच. रात्री प्रक्षेपण संपलं की निरनिराळ्या स्टुडिओंतली टेप मशीन ढकलत एका खोलीत आणायची, पहाटेपर्यंत काम करायचं, आणि सकाळची पाळी यायच्या आत प्रत्येक मशीन जागच्या जागी. ही मशीन आजच्या रेकॉर्डरसारखी काखेत मारून नेण्यातली नव्हती. १९५७ मध्ये त्यांनी 'अँफिट्रायॉन ३८' या नाटकाचं संगीत ऑसिलेटर, टेप मशीन आणि स्वतः रचलेले फिल्टर एवढ्यावर केलं. बीबीसीतलं संपूर्ण इलेक्ट्रॉनिक असं ते पहिलं नाट्यसंगीत. एप्रिल १९५८ मध्ये मेडा व्हेल स्टुडिओत असा विभाग, रेडिओफोनिक वर्कशॉप, सुरू झाला. डेस्मंड ब्रिस्को आणि ऑरमबाई ही त्यामागची दोन नावं. पण बीबीसीला हवे होते नाटकांसाठी आवाजाचे परिणाम, बाईंना हवं होतं संगीत. त्या शरद ऋतूत ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात बाकीचे देश काय करत आहेत ते पाहून त्या परतल्या आणि १९५९ च्या सुरुवातीला राजीनामा देऊन मोकळ्या झाल्या. वर्कशॉपला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. (त्या वर्कशॉपचं नाव काढलं की लोक 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या मालिकेची धून आठवतात. ती १९६३ ची, रॉन ग्रेनर यांची चाल आणि डेलिया डर्बीशर यांची बांधणी. ऑरमबाईंच्या खात्यावर ती टाकू नका, त्यांना त्याची गरज नाही.)

नोकरी सोडून त्या गेल्या केंट परगण्यातल्या फेअरसीटला. तिथे बिअरसाठी लागणारी हॉप्स वाळवायची एक जुनी भट्टी होती, राहण्याजोगी केलेली, 'टॉवर फॉली' नावाची. घर तिथेच, स्टुडिओही तिथेच. स्वतःच्या हाताने यंत्र बांधण्याचा, म्हणजे डीआयवायचा, खरा खर्च म्हणजे पगारी स्टुडिओ सोडून भट्टीत जाऊन बसणं.

आता यंत्राकडे. ते समजवायला मला माझा एक गाढवपणा सांगावा लागेल.

सतरा वर्षांचा असताना मी जत्रेच्या हंगामात एका टुरिंग टॉकीजच्या तंबूत ऑपरेटरच्या हाताखाली होतो. ३५ मिमीच्या रिळावर चित्राच्या कडेला आवाजाची एक बारीक पट्टी असते. प्रोजेक्टरच्या साउंड हेडमध्ये एक्सायटर लॅम्प असतो. त्याचा उजेड बारीक फटीतून त्या पट्टीवर पडतो, पलीकडे फोटोसेल, म्हणजे उजेडाप्रमाणे विजेचा प्रवाह बदलणारा भाग. पट्टीवर काळं-पांढरं जसं बदलेल तसा फोटोसेलमधला प्रवाह हलतो आणि कर्ण्यातून आवाज येतो. उस्तादांनी हे सांगितल्यावर मला राहवेना. रिळाच्या काळ्या शेपटीवर, आवाजाच्या पट्टीच्या जागी, मी शाळेतली पट्टी धरून सुईने रेघा ओरखडल्या, मिलिमीटरला एक. अर्धा फूट, दीडशेच्या वर रेघा. फिल्मची एक चौकट १९ मिमीची, सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे ४५६ मिमी. मिलिमीटरला एक रेघ तर सेकंदाला ४५६ कंपनं. पेटीच्या भाषेत पांढरी सहाच्या किंचित वर. दुपारी रीळ लावून पाहिलं तर 'टूं' असा चिमटीएवढा आवाज आला. एक तृतीयांश सेकंद! दीडशे रेघांना एवढंच. मी खूश झालो आणि तो तुकडा कापायला विसरलो. रात्रीच्या खेळाला नायिका रडत असताना रीळ संपलं आणि भर तंबूत 'टूं' झालं. मालकांनी जे काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हाताने काढलेला आवाज हा मुळात ऑरमबाईंचा शोध नाही, हे इथे सांगून टाकतो. १९३० च्या आसपास सोव्हिएत रशियात अर्सेनी अव्रामोव्ह, येवगेनी शोल्पो यांनी फिल्मवर चितारलेले आवाज काढले. तिकडेच मुर्झिन यांनी काळा लेप दिलेल्या काचेवर ओरखडून वाजणारं एएनएस नावाचं यंत्र केलं. कॅनडात नॉर्मन मॅक्लॅरेन थेट फिल्मवर काढत. पण फिल्मवर काढायचं म्हटलं की माझ्या दीडशे रेघांची अडचण येते. प्रत्येक कंपन स्वतंत्र काढायचं, म्हणजे एका मिनिटाला हजारो रेघा, किंवा मग त्या रेघा काढायला वेगळं यंत्र.

ऑरमबाईंनी यातून काढलेली वाट मला अजूनही देखणी वाटते. त्यांनी आवाजाचे दोन भाग केले. एक, आवाजाची जात: सनईसारखा किरटा की बासरीसारखा गोल. हे एका कंपनाच्या आकारात ठरतं आणि तो आकार पुन्हा पुन्हा तोच येतो, मग तो हजारदा कशाला काढायचा? एकदाच काढा. छोट्या काचेवर काळ्या रंगाने डोंगररांगेसारखी कड रंगवायची. कॅथोड रे ट्यूबवरचा (जुन्या टीव्हीत असे तशा पडद्याच्या नळीवरचा) प्रकाशाचा ठिपका त्या कडेचा माग काढत धावतो, एकामागून एक खेपा. खेपा जितक्या जलद तितका सूर उंच. अशा चार काचा, एकमेकींत मिसळता येणाऱ्या.

दुसरा भाग म्हणजे आवाजाची वागणूक: कधी चढतो, कधी थरथरतो, किती हळू विझतो. हे सगळं संथ असतं आणि कधीच तसंच्या तसं दोनदा होत नाही. ते हाताचं काम. त्यासाठी ३५ मिमी पारदर्शक फिल्मच्या दहा पट्ट्या शेजारी-शेजारी, दातेरी चाकांवर एकाच वेगाने सरकणाऱ्या. वर दिवे, खाली फोटोसेल. एका पट्टीवर आवाजाच्या जोराची रेघ, एकीवर थरथरीची, काहींवर काचांच्या मिश्रणाची, आणि सूर कोणता ते सांगायला काही पट्ट्यांवर ठरावीक जागी काळे ठिपके. संगीतकार उभा राहून, पट्ट्या पुढे-मागे सरकवत, काळ्या शाईने काढत जातो आणि लगेच ऐकतो. जोर जास्त वाटला? रेघ थोडी खरवडून टाका.

आज कॉम्प्युटरवर गाण्याच्या ट्रॅकखाली व्हॉल्यूमची रेघ माउसने ओढता ना, तेच. फेडरवरचं मनगट त्यांनी फिल्मवर उतरवलं. आपल्याकडच्या माणसाला हे लवकर पटावं. १९४० पासून तीसेक वर्षं आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, आणि पेटीवरचा मोठा आक्षेप असा की तिच्यात सूर आहेत, पण सुरांमधली वाट नाही. बटण दाबलं की सूर, सोडलं की शांतता. ऑरमबाईंच्या यंत्रातही सुराचे ठिपके पायऱ्यांचेच होते, मींड काही सहज निघणार नाही. पण सुराभोवतीची हालचाल, आंदोलन, उगवणं-मावळणं, ते सगळं मोकळ्या हाताचं.

पैशाचं बोलल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही. १९६२ मध्ये गुलबेंकियन फाउंडेशनने ३,५५० पौंड दिले, १९६५ मध्ये पुन्हा काही. भाऊ जॉनने यांत्रिक कामात हातभार लावला, आणि ग्रॅहम रेंच या तंत्रज्ञाने सर्किटं उभी केली. बाकी सगळं चाललं ते मिळेल त्या कामावर. लेगोची जाहिरात, नेस्टीची जाहिरात, शाळकरी मुलांना नाचवण्यासाठी १९६२ ची एक तबकडी, नाटकं, प्रदर्शनं, व्याख्यानं. या जाहिराती जरूर ऐका. सगळं काम त्यात टेपच्या तुकड्यांनी केलेलं असतं आणि सांधे सापडत नाहीत. मैफलीच्या रचनांपेक्षा मला हेच काम कधी कधी जास्त धीट वाटतं. मागणाऱ्याला 'चटकदार' हवं असतं, त्याला संगीतातला सिद्धांत नको असतो, मग बाई मोकळ्या सुटत.

तर यंत्र फसलं का? विक्रीच्या हिशोबात हो, सपशेल. ते एकच झालं, एका वेळी एकच ओळ वाजवी, बाकीचे थर टेपवर चढवावे लागत, आणि दुरुस्ती कधी संपली नाही. १९६९ मध्ये लंडनमध्ये व्हीसीएस३ हा पेटीत मावणारा सिंथ ३३० पौंडांना बाजारात आला. तो आणणाऱ्यांपैकी पीटर झिनोव्हिएफ यांनी टेपकामाचे धडे ऑरमबाईंकडेच घेतले होते. आता जो विद्युतदाब नॉब फिरवून मिळत होता त्यासाठी फिल्मवर रेघ कोण काढणार? मला त्यांचा दोष दिसतो तो असा: संगीत थांबवून त्यांनी यंत्र पुरं करायला घेतलं, आणि यंत्र पुरं होईना म्हणून संगीत थांबलेलंच राहिलं. तुमच्या टेबलावरही अर्धवट सर्किटांचा डबा असेलच; माझ्याकडे दोन आहेत.

पण त्यातला विचार फसला म्हणायला मी तयार नाही. आवाजाची जात एकीकडे, वागणूक दुसरीकडे, आणि वागणुकीची रेघ माणसाने काढायची, ही मांडणी नंतरच्या प्रत्येक सिंथमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये या ना त्या रूपात आहे. १९७२ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं. ऐंशीच्या दशकात साठीच्या आसपास असताना एकॉर्न आर्किमिडीज कॉम्प्युटर घेऊन तीच कल्पना प्रोग्रॅममध्ये उतरवायला बसल्या. १९९४ मध्ये पक्षाघाताने काम थांबलं, ५ जानेवारी २००३ रोजी त्या गेल्या. कागदपत्रं आणि टेपा लंडनच्या गोल्डस्मिथ्समध्ये आहेत. यंत्र सायन्स म्युझियमने घेतलं, २०११ मध्ये काचेआड मांडलं. वाजवण्याच्या अवस्थेत ते नाही. १९७० च्या दशकात त्यांनी 'मिनी-ऑरॅमिक्स' नावाची लहान आवृत्ती कागदावर आखून ठेवली होती, ती २०१६ मध्ये टॉम रिचर्ड्स या संशोधकाने प्रत्यक्ष बांधली आणि ती वाजली. 'स्टिल पॉइंट'ही त्याच वर्षी लंडनमध्ये पहिल्यांदा ऐकू आलं, आणि आणखी कागद सापडल्यावर २०१८ च्या प्रॉम्स या बीबीसीच्या संगीत महोत्सवात, अल्बर्ट हॉलमध्ये. तबकड्यांवर शिवा फेशारेकी होत्या. याच हॉलमध्ये तरुणपणी, युद्धाच्या दिवसांत, ऑरमबाई ती बरोबरीची तबकडी फिरवत बसायच्या.

आता घरचा प्रयोग. दहा पट्ट्यांच्या नादी लागू नका, एकच करा, आवाजाच्या जोराची. ओएचपीची (ओव्हरहेड प्रोजेक्टरची) पारदर्शक शीट घ्या, दोन बोटं रुंदीची पट्टी कापा, काळ्या परमनंट मार्करने खालची बाजू भरत एक चढ-उतार काढा. जुन्या कॅसेट प्लेअरची मोटर आणि रबरी चाक पट्टी ओढायला पुरतं. वर बल्ब, मध्ये काळ्या कार्डात ब्लेडने कापलेली आडवी फट, खाली एलडीआर (उजेडाप्रमाणे विजेला कमी-जास्त अडवणारा भाग). एलडीआर आळशी असतो, उजेड बदलल्यावर सावरायला त्याला काही दशांश सेकंदही लागू शकतात, म्हणून जोराच्या रेघेला तो चालतो. तुमच्या सिंथच्या व्हीसीएला (विद्युतदाबाने आवाजाचा जोर ठरवणाऱ्या भागाला) त्याचा विद्युतदाब द्या आणि तोच सूर वीट आणि रेघ अशा दोन्ही प्रकारे ऐका.

त्यावर मन बसलं तर मग कंपनं काढून बघा. तिथे एलडीआर निरुपयोगी, उजेडातला बदल झटकन टिपणारा फोटोट्रान्झिस्टर लागेल. पूर्वी तो महाग होता तेव्हा हौशी लोक ओसी७१ या काचेच्या खोळीतल्या साध्या ट्रान्झिस्टरचा काळा रंग खरवडून त्यालाच उजेड दाखवत. तुम्हाला दहा-वीस रुपयांत नवा मिळेल. दिवा मात्र बॅटरीवरचा वापरा. घरातल्या विजेवरचा दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो, डोळ्यांना दिसत नाही पण फोटोट्रान्झिस्टरला दिसतं. तेव्हा पट्टी कोरी असतानाच स्पीकरमधून 'घूं' ऐकू आलं तर सर्किट उचकटायला घेऊ नका, आधी डोक्यावरची ट्यूब बंद करून बघा.